रोग्यांच्या हाती कुदळ देणारा डॉक्टर

उत्तर आफ्रिकेतल्या अल्जीरिया देशात, राजधानी अल्जीअर्सपासून चाळीस-पन्नास किलोमीटरवर ब्लिदा नावाचं गाव आहे. भोवती मितीजाचं सुपीक मैदान. संत्र्या-मोसंब्यांच्या बागा अन् द्राक्षांचे मळे. हे मळे त्या काळी बहुतेक फ्रेंच जमीनदारांचे आणि त्यात राबणारे हात मात्र अल्जीरियन. अशा या गावातल्या सरकारी मनोरुग्णालयात १९५३ च्या नोव्हेंबरात अठ्ठावीस वर्षांचा एक काळा डॉक्टर रुजू झाला. त्याच्याकडे दोन विभाग आले. एकात १६५ युरोपियन बायका, दुसऱ्यात २२० अल्जीरियन मुसलमान पुरुष.

डॉक्टर नव्या विचाराचा होता. रोग्याला नुसतं कोंडून ठेवायचं, औषध पाजायचं अन् पडू द्यायचं, हे त्याला मान्य नव्हतं. माणसं चार माणसांत बसली, बोलली, हातानं काही काम केलं तर त्यांचं मन ताळ्यावर येतं, अशी त्याची धारणा. त्यानं बायकांच्या विभागात बैठका सुरू केल्या. सणवार साजरे होऊ लागले, सिनेमे दाखवले गेले, रुग्णांनीच चालवलेलं छोटं वार्तापत्र निघू लागलं. थोड्याच दिवसांत त्या विभागाची कळाच पालटली.

मग तोच उपाय पुरुषांच्या विभागात केला, आणि तिथं सगळं मुसळ केरात गेलं. बैठकीला माणसं येऊन नुसती बसायची. कोणी तोंड उघडेना. टोपल्या अन् चटया विणायचा वर्ग काढला, तर त्यांनी सामानाला हातही लावला नाही. आठवडे गेले, महिने गेले, विभाग होता तसाच. इस्पितळातले जुने जाणते युरोपियन म्हणाले असतील, "आम्ही सांगत नव्हतो? ही जातच आळशी!" कारण तेव्हाचं तिथलं अधिकृत वैद्यकशास्त्रच तसं सांगत होतं. अल्जीअर्सच्या वैद्यकीय विद्यापीठातले नामांकित प्राध्यापक आंत्वान पोरो आणि त्यांचे शिष्य यांनी असं मांडलं होतं की, अल्जीरियन माणूस जन्मतःच आळशी, खोटारडा अन् मारकुटा असतो आणि त्याच्या मेंदूची घडणच तशी आहे.

या डॉक्टरनं मात्र रोग्यांना दोष दिला नाही. चुकलं ते आपलं, असं त्यानं म्हटलं आणि आपल्या तरुण सहकाऱ्याबरोबर १९५४ साली तसा लेख लिहून छापलाही. चूक अशी होती, की रोगी कोण आहेत हे त्यानं विचारलंच नव्हतं. ती बहुतेक माणसं शेतकरी, शेतमजूर किंवा शेत सुटून शहरात आलेली. टोपल्या विणणं हे त्यांच्या गावी बायकांचं काम. वार्तापत्र निघालं फ्रेंचमध्ये, आणि यांच्यातल्या बहुतेकांना अक्षरओळख नाही. सिनेमे परदेशी. डॉक्टरला अरबी येत नव्हती, म्हणून दुभाष्या मध्ये. आता दुभाष्या म्हटलं की त्या माणसांना काय आठवायचं? कोर्ट, फौजदार अन् सरकारी कचेरी! दुभाष्यामार्फत बोलायचं म्हणजे जबानी द्यायची, हा त्यांचा जन्माचा अनुभव. मग ते डॉक्टरपुढं मन कसं मोकळं करणार?

डॉक्टरनं सगळं बदललं. विभागात गावाकडच्यासारखा चहा-कॉफीचा अड्डा उघडला, तो रोग्यांनीच चालवायचा. गोष्टी सांगणारा कथेकरी येऊ लागला. मुसलमानी सण रीतीप्रमाणे पाळले जाऊ लागले. फुटबॉलचं मैदान तयार झालं. आणि मुख्य म्हणजे टोपल्या बाजूला ठेवून आवारातली जमीन दिली, हातात कुदळ दिली. कुदळ कशी धरायची हे त्या माणसांना कोणी शिकवायला लागलं नाही. जे महिनोन्महिने भिंतीला पाठ लावून बसले होते, ते खणायला लागले.

या डॉक्टरचं नाव फ्रान्झ फॅनन. पुढं तो जगभर गाजला तो लेखक म्हणून. पण त्याआधी तो लढाईत जखमी झालेला सैनिक होता, आणि त्या जखमेपासूनच त्याची खरी गोष्ट सुरू होते.

उसाच्या बेटावरचा पोरगा

फॅननचा जन्म २० जुलै १९२५ चा. वेस्ट इंडीजमध्ये मार्टिनिक नावाचं फ्रेंचांचं बेट आहे, तिथलं फोर-द-फ्रान्स हे त्याचं गाव. वडील कस्टम खात्यात नोकरीला, आई दुकान चालवायची. म्हणजे घर खाऊनपिऊन बरं होतं. पण बेट सगळं उसाचं. आपल्याकडं ऊस म्हटला की कारखाना अन् तोडणीच्या टोळ्या डोळ्यांपुढं येतात. तिथं उसाच्या मुळाशी गुलामगिरी होती. आफ्रिकेतून धरून आणलेल्या माणसांनी तो ऊस लावला अन् तोडला. १८४८ साली तिथली गुलामगिरी कायद्यानं बंद झाली. मग मळेवाल्यांनी १८५३ पासून करारावर मजूर आणले ते कुठून? तर आपल्या हिंदुस्थानातून! पाँडिचेरी, कारिकलच्या बंदरांतून तीसेक वर्षांत पंचवीस हजारांच्या आसपास माणसं मार्टिनिकला गेली. त्यात तमिळ मुलखातली पुष्कळ. त्यांची मरिअम्मनची देवळं त्या बेटावर अजून आहेत. असो.

दुसऱ्या महायुद्धात जर्मनीनं फ्रान्स जिंकला आणि मार्टिनिकवर जर्मनधार्जिण्या फ्रेंच सरकारची हुकमत आली. बंदरात अडकून पडलेले गोरे खलाशी बेटावरच्या काळ्या लोकांना वाटेल तसं वागवू लागले. फॅनन तेव्हा शाळकरी पोर. १९४३ साली सतराव्या वर्षी तो घरातून पळाला आणि समुद्र ओलांडून शेजारच्या इंग्रजांच्या डॉमिनिका बेटावर गेला, स्वतंत्र फ्रान्सच्या फौजेत भरती व्हायला. त्या वेळी शाळेतल्या एका मास्तरांनी त्याला समजावलं होतं की, गोरे गोऱ्यांना मारतायत, त्यात आपलं काय बिघडतंय? पोराचं म्हणणं असं की, स्वातंत्र्याला रंग नसतो. ते जिथं धोक्यात, तिथं आपण जायचं. ती पहिली खेप फुकट गेली, परत यावं लागलं. पण १९४४ च्या वसंतात तो खराच फौजेबरोबर जहाजावर चढला.

मोरोक्को, अल्जीरिया असं करत पलटण दक्षिण फ्रान्समध्ये उतरली. वाटेत त्यानं दोन गोष्टी पाहिल्या. एक म्हणजे अल्जीरियात उपाशी पोरं शिपायांनी टाकलेल्या पावाच्या तुकड्यांसाठी मारामारी करत होती. दुसरी म्हणजे फौजेतच माणसांच्या पायऱ्या लावलेल्या होत्या. वर गोरे, मग वेस्ट इंडीजचे, मग अरब, सगळ्यांत खाली आफ्रिकेचे काळे शिपाई. हिवाळा तोंडावर आला तेव्हा आफ्रिकन शिपायांना आघाडीवरून मागं घेतलं अन् त्यांच्या जागी गोरे भरले. त्याला फौजेच्या भाषेत ‘गोरेपणा आणणं’ असंच नाव होतं. लढाई जिंकत आल्यावर मिरवणुकीत कोण पुढं असावं, याचा विचार झाला असणार, दुसरं काय!

नोव्हेंबर १९४४ मध्ये पूर्व फ्रान्समध्ये, डूब नदीच्या खोऱ्यात, उखळी तोफेच्या गोळ्याचे तुकडे लागून फॅनन जखमी झाला. शौर्याबद्दल त्याला ‘क्रॉय द गेर’ हे पदक मिळालं. त्या प्रशस्तिपत्रावर सही होती कर्नल राऊल सालां यांची. हे नाव वाचकांनी लक्षात ठेवावं, पुढं ते पुन्हा येणार आहे.

पदक मिळालं, पण पोराचं मन विटलं. एप्रिल १९४५ मध्ये त्यानं घरी आईवडिलांना पत्र लिहिलं. आपण ज्यासाठी घर सोडलं ते सगळं फोल होतं, अशा अर्थाचं ते पत्र आहे. त्यात एक वाक्य इथल्या शेतकऱ्यावर आहे. ज्या फ्रेंच शेतकऱ्यासाठी मी रक्त सांडायला निघालो, त्यालाच त्याची पर्वा नाही, अशी त्याची तक्रार. मला तर वाटतं, फॅननचा शेतकऱ्याशी पहिला संबंध असा आला, रागाचा. पुढं ज्या माणसानं शेतकऱ्यालाच देशाचा कणा मानलं, त्याची ही सुरुवात होती.

"सगळं अंग दुखतंय, डॉक्टर"

युद्ध संपल्यावर तो गावी परतला. थोर कवी एमे सेझेर त्याच्याच शाळेत शिकवत, ते निवडणुकीला उभे होते. त्यांच्या प्रचारात हिंडला, अपुरी राहिलेली परीक्षा दिली, आणि माजी सैनिकांना मिळणाऱ्या शिष्यवृत्तीवर फ्रान्सला गेला. आधी दंतवैद्य व्हायचं मनात होतं, ते सोडून लियाँ शहरात डॉक्टरी शिकू लागला.

लियाँमध्ये गिरण्या-कारखान्यांत काम करणारे उत्तर आफ्रिकेचे मजूर फार. गावची जमीन सुटलेली, बायकापोरं तिकडं, इथं एकेका खोलीत दाटीवाटीनं राहायचं. हे मजूर दवाखान्यात येत. कुठं दुखतंय विचारलं की पोटावर हात ठेवत, मग पाठीवर, मग डोक्यावर. सगळंच दुखतंय म्हणत. डॉक्टर तपासत, काही सापडत नसे. मग डॉक्टर लोकांनी आपसांत ठरवूनच टाकलं होतं की ही माणसं सोंगाडी, काम चुकवायला येतात. फॅननला हे बोचलं. १९५२ च्या फेब्रुवारीत ‘एस्प्री’ मासिकात त्यानं यावर लेख लिहिला. त्याचं सांगणं साधं होतं. या माणसाचं घर सुटलंय, घरच्यांची माया सुटलीय, परक्या मुलखात रोज त्याला चोर ठरवलं जातंय. त्याच्या दुखण्याची जागा शरीरात सापडली नाही, म्हणून दुखणं खोटं ठरत नाही. शेवटी त्याचं वय, धंदा, राहणं, जेवण हे विचारल्याशिवाय तपासणी पुरी झाली असं म्हणताच येत नाही.

आपल्याकडच्या सरकारी दवाखान्याबाहेरच्या रांगेत ज्यानं एकदा तरी उभं राहून पाहिलंय, त्याला हे जास्त फोडून सांगायची गरज नाही.

पदवीच्या प्रबंधासाठी त्यानं काळ्या माणसाच्या मनावर गोऱ्या समाजात काय परिणाम होतो, यावर लिहिलं होतं. प्राध्यापकांनी ते परत केलं. मग मज्जासंस्थेच्या एका रोगावर दुसरा, रीतसर प्रबंध लिहून तो नोव्हेंबर १९५१ मध्ये डॉक्टर झाला; आणि परत आलेलं लिखाण १९५२ साली ‘काळी कातडी, गोरे मुखवटे’ या अर्थाच्या नावानं पुस्तक म्हणून छापून आलं. तेव्हा त्याची फारशी दखल कोणी घेतली नाही. आज ते जगातल्या विद्यापीठांत शिकवतात.

एक गंमत म्हणजे फॅनन हाती लेखणी धरून फारसं लिहीत नसे. खोलीत येरझाऱ्या घालत तो बोलायचा अन् दुसरं कोणी उतरून घ्यायचं; या पहिल्या पुस्तकाच्या वेळी ती त्याची पुढं बायको झालेली जोसी होती. त्यामुळं त्याच्या लिखाणात सभेत उभं राहून बोलल्यासारखा ताव आहे.

मग तो दक्षिण फ्रान्सच्या डोंगराळ भागातल्या सां-आल्बां या खेड्यातल्या मनोरुग्णालयात उमेदवारीला गेला. तिथं फ्रांस्वा तोस्केल नावाचे डॉक्टर होते, स्पेनमधून फ्रँकोच्या हुकूमशाहीतून पळून आलेले. या इस्पितळाचा इतिहास शेतकऱ्यांनी ऐकण्यासारखा आहे. जर्मनांच्या ताब्यात असताना फ्रान्समधल्या वेड्यांच्या इस्पितळांत सुमारे चाळीस हजार रोगी भुकेनं आणि भुकेपोटी आलेल्या रोगांनी मेले. शिधापत्रिकेवर मिळणाऱ्या धान्यात त्यांचं भागत नव्हतं अन् बाहेरून आणून देणारं कोणी नव्हतं. सां-आल्बांमध्ये मात्र फाटक उघडलं गेलं. रोगी आसपासच्या शेतांवर कामाला गेले, गावकऱ्यांनी बदल्यात खायला दिलं, आणि तिथली माणसं जगली. इस्पितळालाच आधी बरं करावं लागतं, मग रोगी बरे होतात, हा तोस्केल यांचा धडा. फॅनन तो घेऊनच ब्लिदाला आला. पण सां-आल्बांचा उपाय ब्लिदाला तसाच्या तसा लागू पडला नाही, तिथल्या शेतकऱ्याची जात-रीत वेगळी. ते वर आलंच आहे.

जमीन गेली की काय जातं

ब्लिदाच्या रोग्यांची कहाणी कळायची तर अल्जीरियाच्या जमिनीची कहाणी थोडी माहीत हवी. फ्रेंचांनी १८३० साली देश घेतला. गावागावांत पुष्कळ जमिनी जमातीच्या सामाईक मालकीच्या होत्या. १८७१ चं बंड मोडल्यावर लाखो एकर जप्त झाले. १८७३ च्या कायद्यानं सामाईक जमिनीचे तुकडे करून प्रत्येकाच्या नावावर केले. वरवर सुधारणा वाटेल, पण नावावर झालेली जमीन विकता येते, सावकाराला लिहून देता येते. व्हायचं तेच झालं. १९५० च्या सुमारास सत्तावीस लाख हेक्टर उत्तम जमीन युरोपियनांकडं होती. स्वतः दारू न पिणाऱ्या मुलखात सगळीकडं दारूची द्राक्षं! आणि मूळ धनी कुठं, तर डोंगराच्या निकस पट्टीत, नाहीतर मळ्यावर रोजानं, नाहीतर लियाँच्या खोलीत.

तोच माणूस मनानं ढासळून फॅननपुढं येत होता. मुसलमान बायकांना चित्रं दाखवून गोष्ट सांगायला लावायची, अशी एक परदेशी चाचणी त्यानं १९५६ मध्ये करून पाहिली. बायका गप्प. शास्त्र म्हणायचं, यांना कल्पनाशक्तीच नाही. पण कोरा कागद पुढं ठेवला, तेव्हा त्याच बायका भरभरून बोलल्या. चित्रातली घरं, माणसं, कपडे त्यांच्या ओळखीचे नव्हते, एवढंच कारण होतं.

१ नोव्हेंबर १९५४ ला स्वातंत्र्ययुद्ध पेटलं. आता इस्पितळात दोन्हीकडचे लोक येऊ लागले. दिवसा पोलिसांनी छळ केलेला अल्जीरियन यायचा, अन् छळ करणारा पोलीसही यायचा. असा एक युरोपियन पोलीस इन्स्पेक्टर त्याच्याकडं आला होता. दिवसभर कोठडीत कैद्यांचे हाल करायचा आणि घरी येऊन बायकोला, लहान पोरांना मारायचा. तो डॉक्टरला म्हणत होता की, मला बरं करा, पण काम न सोडता. म्हणजे हाल करतानाही मन शांत राहील असं काहीतरी द्या. फॅननच्या शेवटच्या पुस्तकात अशा रोग्यांच्या हकिकती आहेत आणि त्या वाचताना अंगावर काटा येतो.

फॅनन छुपेपणानं स्वातंत्र्यसैनिकांना औषधं देत होता, जखमींवर उपचार करत होता. १९५६ च्या अखेरीस त्यानं फ्रेंच मंत्री रोबेर लाकोस्त यांना राजीनाम्याचं पत्र लिहिलं. ज्या राजवटीत माणसाला त्याच्याच देशात परका करून ठेवलंय, तिथं वेड बरं करण्याच्या गोष्टी करणं हाच वेडेपणा, असा त्याचा आशय. जानेवारी १९५७ मध्ये त्याला हद्दपार केलं. त्याच सुमाराला अल्जीरियातल्या फ्रेंच फौजांचे सरसेनापती म्हणून कोण आले? राऊल सालां! ज्यांनी बारा वर्षांपूर्वी त्याच्या शौर्याच्या कागदावर सही केली होती, तेच. पुढं १९६१ मध्ये अल्जीरिया सोडायची वेळ आली तेव्हा सालां यांनी आपल्याच सरकारविरुद्ध बंड केलं अन् बॉम्बस्फोट घडवणाऱ्या गुप्त संघटनेचे प्रमुख झाले.

दहा आठवड्यांचं पुस्तक

फॅनन ट्युनिसला गेला. दिवसा डॉक्टर, रात्री स्वातंत्र्य चळवळीच्या पत्राचा लेखक. तिथंही त्यानं दिवसा येऊन उपचार घ्यायचे अन् संध्याकाळी घरी जायचं, असा मनोरुग्णांचा दवाखाना चालवला. आफ्रिकेत तेव्हा ही नवलाचीच गोष्ट. १९६० मध्ये घानात चळवळीचा राजदूत झाला. त्याच वर्षाच्या शेवटी रक्ताचा कर्करोग निघाला.

उपचाराला मॉस्कोला जाऊन आला. फार दिवस नाहीत हे कळल्यावर १९६१ च्या वसंत-उन्हाळ्यात दहाएक आठवड्यांत ‘जगातले गांजलेले’ या अर्थाच्या नावाचं पुस्तक त्यानं सांगून पुरं केलं. प्रस्तावना ज्यां-पॉल सार्त्र यांची.

या पुस्तकात दोन गोष्टी मोठ्या आहेत. एक हिंसेबद्दलची. गुलामीतल्या माणसाला हत्यार उचलल्यावर आपण माणूस असल्याची जाणीव होते, असं तो म्हणतो. गांधीजींच्या देशातल्या वाचकाला हे पटणं अवघड आहे, आणि मला विचाराल तर फॅननच्या आतल्या डॉक्टरलाही ते पुरतं पटलेलं नसावं. कारण त्याच पुस्तकाच्या शेवटी त्यानं जे रोगी उभे केलेत, त्यात मारणारे अन् मार खाणारे दोघंही मोडून पडलेले आहेत. बॉम्ब ठेवलेला स्वातंत्र्यसैनिकही त्यात आहे. नुसता पहिला भाग वाचून त्याचे झेंडे नाचवणाऱ्यांनी हा भाग बहुधा वाचलेला नसतो.

दुसरी गोष्ट शेतकऱ्याची. स्वातंत्र्याची लढाई खरी लढतो तो खेड्यातला माणूस, कारण त्याच्याकडं गमवायला काही उरलेलं नसतं, असं त्याचं मत. विद्वानांनी यावर टीका केली, शेतकऱ्याला त्यानं फार भाबडेपणानं मोठं केलं म्हणून. त्यात तथ्य आहे. पण पुढचा इशारा त्यानं नेमका दिला. साहेब गेल्यावर त्याच्या खुर्चीत आपलेच शहरी पुढारी बसतील, परदेशी कंपन्यांची दलाली करतील, पक्षाच्या नावानं राजधानीत इमारती उठतील आणि खेड्यात निवडणुकीपुरतं जातील, हे त्यानं बहुतेक आफ्रिकन देशांच्या स्वातंत्र्याला पाच-सात वर्षं धड झाली नव्हती तेव्हा लिहून ठेवलं.

पुस्तक पॅरिसमध्ये बाहेर पडलं अन् पोलिसांनी ते जप्त करायला सुरुवात केली. फॅनन तेव्हा उपचारासाठी अमेरिकेत होता, इब्राहिम हे नाव घेऊन. ६ डिसेंबर १९६१ ला मेरीलँडमधल्या इस्पितळात तो वारला. वय छत्तीस. अल्जीरियाच्या मातीत पुरावं, अशी त्याची इच्छा. देश अजून फ्रेंचांच्याच ताब्यात होता. शव विमानानं ट्युनिसला आणलं आणि स्वातंत्र्यसैनिकांनी खांद्यावरून सरहद्द ओलांडून जंगलपट्टीत दफन केलं. ब्लिदाच्या इस्पितळाला आता त्याचं नाव आहे.

५ जुलै १९६२ ला अल्जीरिया स्वतंत्र झाला. फ्रेंच मळेवाले घाईघाईनं जहाजं गाठून निघून गेले. पेरणीचा हंगाम तोंडावर, धनी कोणी नाही. तेव्हा मळ्यांवरच्या मजुरांनी कोणाच्या हुकमाची वाट न पाहता समित्या केल्या, ट्रॅक्टर चालू केले अन् मळे पिकते ठेवले. १९६३ च्या मार्चमध्ये सरकारनं कायदा करून या समित्यांना मान्यता दिली. कर्ज, यंत्रं अन् मालाची विक्री मात्र थोड्याच दिवसांत अल्जीअर्सच्या सरकारी कचेरीच्या हाती गेली, आणि मळ्यांवर देखरेखीला तिथून नेमलेले साहेब येऊ लागले.